नर कुत्रे आणि त्यांचे शेजारी

ज्या प्राण्यास आपण रोज पाहतो त्याच्याविषयी आपणांस अधिक माहिती असावी, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु अनुभव पुष्कळदा याच्या उलट येतो. वाघ, हत्ती, मोर यांच्याविषयी शाळेतील मुलगा चार गोष्टी सांगू शकतो. पण त्याच्या घराच्या पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्याचे कुटुंब कोणते, त्याची हद्द कोठे संपते, शेजारच्या गल्लीतील कुत्र्याशी त्याचे नाते काय, हे प्रश्न त्यास विचारले तर तो गोंधळून जातो. त्यास दोष देण्याचे कारण नाही. शास्त्रज्ञांनीही या प्राण्याकडे दीर्घकाळ दुर्लक्षच केले होते. प्रयोगशाळेतील कुत्रा, शिकारी कुत्रा, पाळीव कुत्रा यांचा अभ्यास झाला. रस्त्यावर जन्मून रस्त्यावरच मरणारा कुत्रा मात्र अभ्यासास अयोग्य मानला गेला. भारतात २०१९ साली झालेल्या पशुगणनेत अशा कुत्र्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लक्ष भरली. एवढ्या मोठ्या संख्येने आपल्यात राहणाऱ्या प्राण्याविषयी अज्ञानी राहणे आता परवडणारे नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय या प्राण्याच्या जीवनातील एकच अंग आहे. नर कुत्रा इतर कुत्र्यांशी कसा वागतो, हे ते अंग होय. या प्राण्यावर समाजाने दोन आरोप ठेवलेले आहेत. पहिला आरोप असा की, तो स्वभावतःच भांडखोर असून दुसऱ्या नरास पाहताच त्याच्या अंगावर धावून जातो. दुसरा आरोप असा की, कामवासनेवाचून त्याचा इतर कुत्र्यांशी संबंध नसतो, आणि पिल्लांची जबाबदारी तर तो जाणतच नाही. हे दोन्ही आरोप निरीक्षणाच्या कसोटीस उतरत नाहीत, आणि या चुकीच्या समजुतींवर उभारलेले उपाय माणसास व कुत्र्यास सारखेच महाग पडतात, असे आमचे मत आहे. त्या मताची कारणे पुढे दिली आहेत.

बंगालमधील निरीक्षणे

या विषयाची पुष्कळशी विश्वसनीय माहिती बंगालमधून मिळालेली आहे. वर्धमान जिल्ह्यातील कटवा या गावी सुनील कुमार पाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातील कुत्र्यांच्या टोळ्या ओळखून, त्यांतील एकेका कुत्र्यावर दीर्घकाळ लक्ष ठेवले. कुत्र्यांचे मूत्रांकन, त्यांची भांडणे, त्यांचे स्थलांतर, त्यांचे समागम आणि पिल्लांचे संगोपन या विषयांवरील त्यांचे निबंध १९९८ पासून पुढील काही वर्षांत प्रसिद्ध झाले. पुढे कोलकात्याजवळ नदिया जिल्ह्यातील मोहनपूर येथे, २००६ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, अनिंदिता भद्रा यांनी हे कार्य अधिक व्यापक केले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी कोलकाता, कल्याणी व मोहनपूर परिसरातील रस्त्यांवर, बाजारांत आणि वस्त्यांत तासन्‌तास उभे राहून टिपणे केली. या कार्यास महागडी उपकरणे लागली नाहीत. वही, घड्याळ आणि धीर एवढीच त्याची मुख्य सामग्री होती. शाळेतील विद्यार्थ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या निरीक्षणांतून जे प्रथम निष्पन्न झाले ते आपल्या भाषेतील एका शब्दाविरुद्ध जाते. आपण या कुत्र्यास ‘भटका’ म्हणतो. परंतु तो भटकत नाही. कोलकात्यात ज्यास ‘पाडा’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडील आळी किंवा मोहल्ला, तेवढेच बहुतेक कुत्र्यांचे जग असते. एखादे मिठाईचे दुकान, एक चहाची टपरी, मासळीबाजाराचा एक कोपरा, दोनतीन घरांचे दरवाजे आणि कचऱ्याचा ढीग यांनी त्याची सीमा आखलेली असते. त्या सीमेत तो वर्षानुवर्षे राहतो. दिवसाचा बराच मोठा भाग तो निजण्यात किंवा स्वस्थ पडून राहण्यात घालवतो. अन्न शोधताना बहुधा एकटा हिंडतो. विश्रांतीस व हद्दीच्या रक्षणास मात्र आपल्या टोळीत येतो. म्हणून शास्त्रज्ञ त्यास ‘मुक्तसंचारी’ म्हणतात. आमच्या मते ‘पाड्याचा कुत्रा’ हा बंगाली लोकांचा शब्दप्रयोग याहूनही अचूक आहे. जो प्राणी एका जागेचा रहिवासी आहे, त्यास भटका म्हटल्याने आपण पहिल्याच पावलास चुकतो.

खांबावरील पत्र

नर कुत्र्याच्या सामाजिक जीवनाचा आरंभ नाकापासून होतो. रस्त्याने चालता चालता तो विजेच्या खांबापाशी थांबतो, हुंगतो, पाय उचलून थोडेसे मूत्र सोडतो आणि पुढे जातो. पाहणारास हा घाणेरडेपणा वाटतो. वस्तुतः तो त्या वेळी खांबावरील मजकूर वाचून त्याखाली आपली सही करीत असतो. मूत्रातील द्रव्यांवरून दुसरा कुत्रा नर आहे की मादी, ओळखीचा आहे की परका, मादी माजावर आहे की नाही, अशा गोष्टी त्यास कळतात. टाळू आणि नासिका यांच्यामध्ये असलेले जेकबसनचे इंद्रिय याकामी त्याच्या नाकास साहाय्य करते.

पाल यांच्या निरीक्षणात असे आढळले की, मूत्रांकन मादीपेक्षा नर अधिक करतो, आणि समागमाच्या ऋतूत त्याचे प्रमाण वाढते. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात मार्क बेकॉफ या प्राणिशास्त्रज्ञाने आपल्या नर कुत्र्यावर एक साधा पण मार्मिक प्रयोग केला. मूत्राने पिवळा झालेला बर्फ उचलून तो त्याने दुसरीकडे ठेवला आणि कुत्रा काय करतो ते पाहिले. पाच हिवाळे त्याने हे निरीक्षण केले आणि २००१ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. कुत्रा स्वतःच्या मूत्रापाशी थोडाच वेळ थांबे. दुसऱ्यांच्या मूत्रापाशी अधिक वेळ घेई. ‘हे माझे’ आणि ‘हे दुसऱ्याचे’ असा भेद तो नाकाने करीत होता.

या भाषेत थोडी अतिशयोक्तीही चालते. २०१८ साली बेटी मॅकग्वायर यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, लहान चणीचे नर मोठ्या नरांच्या मानाने पाय अधिक वर उचलतात, आणि त्यामुळे त्यांची खूण त्यांच्या उंचीच्या मानाने वरच्या जागी उमटते. मागाहून येणारास ती एखाद्या धिप्पाड कुत्र्याची वाटावी, असा याचा परिणाम होत असावा.

या व्यवहाराचे प्रयोजन काय? उत्तर सोपे आहे. समोरासमोर गाठ पडण्यापूर्वीच निरोप पोचला तर गाठ टाळता येते. येथे कोण राहतो, तो अलीकडे केव्हा येऊन गेला, हे खांबावरून कळले म्हणजे परका नर वाट बदलू शकतो. ज्या कृत्यास आपण असभ्यपणा समजतो, ते बव्हंशी कलह टाळण्याचे साधन आहे.

भांडण आणि भांडणाचा देखावा

तथापि गाठ पडतेच. अशा वेळी दोन नर काय करतात, हे शांतपणे पाहण्यासारखे असते. सलोख्याने येणारा नर सरळ रेषेत येत नाही. तो किंचित वळसा घेऊन बाजूने येतो, नजर रोखत नाही, आणि प्रथम शेपटीखाली हुंगू देतो व हुंगतो. याउलट ताठ पाय, उभारलेले केस, उंच धरलेली स्थिर शेपटी व रोखलेली दृष्टी ही आव्हानाची चिन्हे होत. त्यांना उत्तर म्हणून दुसरा कुत्रा मान फिरवतो, अंग आकसतो, शेपटी पायांत घालतो, किंवा उताणा पडून पोट दाखवतो. बहुतेक प्रसंग येथेच मिटतात. ज्याची हद्द असेल तो मोठ्याने भुंकतो, परका निघून जातो. ‘आपल्या गल्लीत कुत्राही सिंह’ हे वचन आपण उपहासाने उच्चारतो. परंतु त्यात निसर्गाचा एक नियम सांगितलेला आहे. स्वतःच्या जागेत प्रत्येकाचा हक्क मोठा असतो आणि परक्या जागेत लहान. हा नियम दोन्ही पक्ष पाळतात म्हणूनच रक्तपात क्वचित होतो.

शेपटीच्या हालचालीविषयीही आपली समजूत अपुरी आहे. शेपटी हलली म्हणजे कुत्रा प्रसन्न आहे, असे सरसकट म्हणता येत नाही. इटलीतील संशोधकांनी २००७ साली दाखविले की, धनी दिसताच कुत्र्याची शेपटी उजव्या बाजूस अधिक झुकून हलते, आणि अनोळखी, दांडगा कुत्रा समोर आला तर डाव्या बाजूस. २०१३ साली त्यांनी पुढे असेही दाखविले की, डावीकडे हलणारी शेपटी पाहताना दुसऱ्या कुत्र्याच्या हृदयाचे ठोके वाढतात. ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण ते कोणीकडे वाकते, हे पाहण्याचे कोणास सुचले नव्हते.

दोन टोळ्यांमधील संघर्षातही अविचार नसतो. रोमच्या परिसरातील मुक्तसंचारी कुत्र्यांचा अभ्यास करणाऱ्या इटालियन शास्त्रज्ञांना असे आढळले की, टोळ्या समोरासमोर आल्या असता कुत्रे प्रतिपक्षाच्या संख्येचा अंदाज घेतात. आपली बाजू मोठी असेल तर पुढे सरसावतात. लहान असेल तर मागे सरतात. ज्यास आपण अंध क्रोध म्हणतो, त्यात हिशेब असतो.

पुढारीपणाची कल्पना

येथे एका लोकप्रिय भ्रमाचा निरास करणे आवश्यक आहे. प्रत्येक टोळीत एक दांडगा नर असतो, तो इतरांस दाबून ठेवतो, आणि प्रत्येक नराचे ध्येय त्याची गादी बळकावणे हेच असते, अशी समजूत सर्वत्र पसरलेली आहे. तिचे मूळ रुडॉल्फ शेंकेल याने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या, बंदिवासातील लांडग्यांच्या निरीक्षणात आहे. पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांमध्ये वर्चस्वासाठी झगडे झाले, यात नवल नव्हते. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मेक याने १९७० च्या आपल्या ग्रंथात हीच कल्पना मांडली. पुढे मोकळ्या रानातील लांडग्यांचा अनेक वर्षे अभ्यास केल्यावर त्यानेच १९९९ साली स्पष्ट केले की, नैसर्गिक स्थितीतील लांडग्यांची टोळी म्हणजे बहुधा एक कुटुंब असते. आईबाप पुढे असतात आणि पिल्ले मागे; गादीसाठी नित्य युद्ध चालत नाही. स्वतःच्या मताची अशी जाहीर दुरुस्ती करणे हे शास्त्राच्या निरोगीपणाचे लक्षण आहे.

कुत्र्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ भाव मुळीच नसतो, असे मात्र नव्हे. रोमच्या कुत्र्यांत वयाने मोठे नर सामान्यतः मान मिळवतात, आणि तरुण कुत्रे त्यांच्यापुढे शेपटी हलवून, तोंड चाटून नम्रता दाखवतात. परंतु हा मान दंडेलीने मिळवलेला नसतो. तो पुष्कळसा दिला जातो. म्हणून जे शिक्षक व धनी कुत्र्यास ‘आपणच पुढारी आहोत’ हे पटविण्यासाठी मारहाण करतात, ते जुन्या, टाकून दिलेल्या कल्पनेवर वागतात.

भाद्रपद

आता दुसऱ्या आरोपाकडे वळू. मराठीत ‘भाद्रपदातील कुत्रा’ ही शिवी आहे, आणि बंगालीतही भाद्र महिन्याच्या कुत्र्याचा उल्लेख तशाच तुच्छतेने होतो. दोन्ही भाषांनी ऋतू मात्र अचूक टिपला आहे. बंगालमधील कुत्र्यांचा मुख्य समागमकाल पावसाळ्याच्या उत्तरार्धात, भाद्रपदाच्या सुमारास येतो. गर्भकाल सुमारे ६३ दिवसांचा असल्यामुळे पिल्ले हिवाळ्यात जन्मतात. या काळात एका मादीमागे अनेक नर लागतात, दूरच्या गल्ल्यांतील नर हद्द ओलांडून येतात, आणि एरवी कुंपणापलीकडून चालणारी भांडणे प्रत्यक्ष चाव्यांपर्यंत जातात. वर्षातील नरांच्या कलहाचा हाच ऐन काळ.

परंतु येथेही सर्व नर सारखे नसतात आणि सर्व सत्ता नरांच्या हाती नसते. मादी अनेकदा एकास जवळ येऊ देते आणि दुसऱ्यास दात दाखवून हाकलते. पाल यांच्या निरीक्षणानुसार या कुत्र्यांत संबंधांचे अनेक प्रकार दिसतात. काही नर-माद्या एकमेकांशीच राहतात. कोठे एका नराचा अनेक माद्यांशी, तर कोठे एका मादीचा अनेक नरांशी संबंध येतो. अशा वैविध्यास एकच निंदाव्यंजक नाव देऊन भागत नाही.

याच काळात दुर्गापूजा येते. मांडव, खाद्यपदार्थांची दुकाने, रात्रभर चालणारी गर्दी आणि ढाकांचा गजर यांनी कोलकात्याचे रस्ते भरून जातात. कुत्र्यांच्या नेहमीच्या जागा माणसांनी व्यापल्या जातात, अन्नाचे उरलेले भाग नव्या ठिकाणी साचतात, आणि एरवी दूर राहणाऱ्या टोळ्या जवळ येतात. उत्सवाच्या दिवसांत कुत्र्यांचे भांडण ऐकू आले तर ‘कुत्रे पिसाळले’ असे म्हणण्यापूर्वी ऋतू कोणता आहे आणि त्यांच्या हद्दीचे आपण काय केले आहे, याचा विचार व्हावयास हवा.

बाप

नर कुत्रा पिल्लांकडे पाहत नाही, हा समज तर निरीक्षणाने साफ खोटा ठरला आहे. पिल्लांचा मुख्य भार आईवरच असतो, हे खरे. परंतु कटवा येथे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आई अन्नासाठी गेली असता काही नर पिल्लांपाशी पहारा करताना आढळले. परका जवळ आला तर ते भुंकून, प्रसंगी अंगावर जाऊन त्यास परतवीत. एक नर तर पिल्लांसाठी पोटातील अन्न ओकून देताना दिसला. पुढे मनबी पॉल व अनिंदिता भद्रा यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या कुत्र्यांच्या टोळ्यांना भारतीय एकत्र कुटुंबाची उपमा दिली. आईशिवाय टोळीतील इतर माद्या पिल्लांची काळजी घेतात. बहुधा जन्मदाते असलेले नर त्यांच्याशी खेळतात आणि त्यांचे रक्षण करतात.

हा खेळ निरर्थक नसतो. खेळातच पिल्लू चावण्याचे प्रमाण शिकते. जोराने चावले तर सवंगडी ओरडून खेळ थांबवतो, आणि चावणाऱ्यास मर्यादा कळते. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली असे नोंदविले की, नर पिल्ले मादी पिल्लांशी खेळताना स्वतः होऊन दुबळ्याची भूमिका घेतात. बळ असूनही ते वापरत नाहीत. जन्मापासून तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ कुत्र्याच्या सामाजिक शिक्षणाचा असतो, हे स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनी १९६५ सालीच दाखवून दिले होते. या काळात ज्यास भावंडे व वडील कुत्रे लाभत नाहीत, तो मोठेपणी दुसऱ्या कुत्र्याशी बोलण्याची रीत जाणत नाही. असाच कुत्रा पुढे खरोखर धोकादायक होतो.

शहरातील सदनिकांत वाढलेल्या पुष्कळ पाळीव नरांची हीच अडचण आहे. त्यांस फार लवकर आईपासून वेगळे केले जाते, आणि पुढे जन्मभर साखळीच्या टोकाशी फिरवले जाते. साखळीमुळे तो वळसा घेऊन येऊ शकत नाही, त्यास सरळ समोरून यावे लागते. धनी घाबरून साखळी ओढतो, त्यामुळे त्याची मान व छाती वर उचलली जाते, आणि समोरचा कुत्रा त्यास आव्हान समजतो. भांडण पेटते; दोष मात्र ‘नर कुत्र्याच्या स्वभावा’स दिला जातो. साखळी ढिली ठेवून, दोघांस बाजूबाजूने थोडे चालू दिले तर यांपैकी पुष्कळ भांडणे होणारच नाहीत.

या ज्ञानाचा उपयोग

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा असता तर लेख येथेच संपवता आला असता. परंतु या प्राण्याचे काय करावे, हा आज देशापुढील वादाचा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील अलर्काने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, आणि त्यांत मुलांचे प्रमाण मोठे असते. ज्या आईचे मूल चावले गेले, तिला कुत्र्याच्या कुटुंबजीवनाचे कौतुक सांगणे क्रूरपणाचे होईल. दुसऱ्या बाजूस कोलकाता परिसरातील ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांच्या नोंदी २०१६ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी केवळ १९ टक्के पिल्ले प्रजननक्षम वयापर्यंत जगली, आणि मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे माणसाचा हात होता. जानेवारी २०१९ मध्ये कोलकात्यातील एका रुग्णालयाच्या आवारात १६ पिल्लांचे मृतदेह सापडले, तेव्हा सारे शहर हळहळले. भय आणि निर्दयता या दोन्ही गोष्टी आपल्यासमोर आहेत. त्यांतून मार्ग केवळ भावनेने निघणार नाही.

प्राणी जन्मनियंत्रणाचे नियम प्रथम २००१ साली झाले आणि २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. कुत्रे पकडून, त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून, त्यांस मूळ जागी परत सोडावे, हे दोन्हींचे सूत्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील कुत्रे निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्ट रोजी तो बदलून, पिसाळलेले व आक्रमक कुत्रे वगळता इतरांस मूळ जागी सोडावे असे ठरविले. आणि ७ नोव्हेंबर रोजी शाळा, रुग्णालये, स्थानके अशा आवारांतील कुत्रे तेथे परत सोडू नयेत असे सांगितले. न्यायालयांचे निर्णय पुढेही होत राहतील. ते कसेही होवोत, त्यांची अंमलबजावणी करणारास नर कुत्र्याचा स्वभाव ठाऊक असणे अवश्य आहे.

‘मूळ जागी’ या दोन शब्दांचे महत्त्व आता वाचकांच्या ध्यानात येईल. टोळीतील वडील नर उचलून दूर सोडला, तर तेथे तो परका ठरतो. त्यास तेथील टोळ्यांशी झगडावे लागते. इकडे त्याची रिकामी झालेली हद्द, अन्न तेथेच असल्यामुळे, नव्या कुत्र्यांस बोलावते. ते लसीविना आलेले असतात, आणि सीमा नव्याने ठरेपर्यंत भांडणे होत राहतात. एका भांडणाच्या जागी दोन भांडणे आपण निर्माण करतो. ज्या आवारातून कुत्रे कायमचे काढावयाचे असतील, तेथे कुंपण आणि कचऱ्याची व्यवस्था आधी झाली पाहिजे. एरवी ते काम चाळणीत पाणी भरण्यासारखे होईल.

निर्बीजीकरणाविषयीही अवास्तव अपेक्षा नको. नराचे वृषण काढल्याने त्याचे दूरवर भटकणे, मूत्रांकन व मादीमागे लागणे पुष्कळ अंशी कमी होते. दुसऱ्या नरांशी होणारी भांडणे मात्र त्या मानाने कमी प्रमाणात घटतात; आणि भीतीतून किंवा सवयीतून येणारी आक्रमकता शस्त्रक्रियेने जात नाही. तसेच, एखादा नर उरला तरी तो अनेक माद्यांस पुरतो. म्हणून संख्या आटोक्यात आणण्यासाठी माद्यांचे निर्बीजीकरण अधिक निर्णायक ठरते. ही कामे भाद्रपदापूर्वी, म्हणजे उन्हाळ्यातच उरकली तर त्यांचे फळ अधिक मिळेल, हे सांगण्यास पंचांगही पुरे आहे.

सामान्य नागरिकांनी पाळावयाचे नियम थोडेच आहेत. भांडणाऱ्या कुत्र्यांमध्ये हात घालू नये. पाणी टाकावे किंवा मोठा आवाज करावा. धावू नये, नजर रोखू नये. पिल्ले असलेल्या कुत्रीजवळ मुलांनी जाऊ नये, कारण त्या वेळी नरापेक्षा तीच अधिक उग्र असते. खाणे घालावयाचे असेल तर ते मुलांच्या वाटेपासून दूर, ठरलेल्या जागी व ठरलेल्या वेळी घालावे, आणि दोन टोळ्यांच्या सीमेवर कधीही घालू नये. चावा लागलाच तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता लस घ्यावी.

कुत्रा किमान १४ सहस्र वर्षे माणसाच्या सोबतीने राहिला आहे. महाभारतकारांनी युधिष्ठिराच्या शेवटच्या प्रवासात त्यास सोबत दिली, आणि आपल्याकडे खंडोबा व दत्तात्रेय यांच्या पायांशीही त्यास स्थान मिळाले. परंतु पूजा आणि दगड या दोन टोकांमध्ये ज्ञानाची जागा रिकामीच राहिली. ती भरण्याचे काम शाळा करू शकतात. प्रत्येक वर्गाने आपल्या शाळेभोवतालच्या कुत्र्यांची एक नोंदवही ठेवावी. कोण नर, कोण मादी, कोणाची कोठवर हद्द, कोणास लस मिळाली, भांडण कोणत्या महिन्यात व कशावरून झाले, हे त्यात लिहावे. निरीक्षण मात्र दुरूनच करावे. वर्षअखेर ती नोंदवही नगरपालिकेच्या पशुवैद्यास दाखवावी. त्यास तिचा उपयोग होईल, आणि मुलांस हे कळेल की, मत देण्यापूर्वी पाहावे लागते.